नवव्या मजल्यावरची ओल

जेव्हॉननं दारातूनच विचारलं,
"आंटी, तुमची भिंत मिळेल का दोन तास? व्हिडिओसाठी."
वुल्व्हरहॅम्प्टनात चौदा वर्षं झाली,
शेजाऱ्यांनी साखर मागितली, शिडी मागितली,
एकदा शवपेटीला खांदा द्यायला माणूस.
भिंत पहिल्यांदाच.

म्हटलं, कुठली? चारही ओल्याच आहेत.
तो हसला नाही. बोट दाखवलं
पलंगामागच्या काळ्या डागाकडे,
जो मागच्या हिवाळ्यात तळव्याएवढा होता
आणि आता न विचारता घरात शिरलेल्या माणसाएवढा.

लिफ्ट बंद. होदान कॅमेरा पाठीला बांधून
नऊ मजले चढली.
कॉलेजातून उसना आणलेला, सोमवारी परत द्यायचा.
मागून जेव्हॉनची बहीण शनेल, वय आठ,
दर मजल्यावर थांबत,
निळा पंप तोंडाशी धरत.
तोच गाण्याचा ठेका आहे:
पंपाचं फुस्स, छातीतली शीळ,
मग लिफ्टचं दार, जे आपटतं पण उघडत नाही.
फुस्स. शीळ. धाड.

मला वाटलं होतं शिव्या असतील.
तारखाच आहेत नुसत्या.
तीन नोव्हेंबर, पहिला फोन.
एकोणीस नोव्हेंबर, खिडक्या उघड्या ठेवा.
आठ जानेवारी, आंघोळ आटोपती घ्या,
कपडे घरात वाळत घालू नका.
चौदा फेब्रुवारी, अँब्युलन्स.
त्यांना तो असं यमक लावतो
की कौन्सिलच्या पत्रातली वाक्यं
एकमेकांची कॉलर धरतात.

इंग्रजी निम्मंच कळलं. राग मात्र ओळखीचा होता,
आवाज न चढवता हिशेब मांडणारा.
बाबा उदगीरकडे जलशात हलगी वाजवायचे.
पाण्याच्या टाकीवर गाणं, रेशनच्या मापावर गाणं.
सरपंच पहिल्या रांगेत बसून पाय हलवायचा,
आणि घरी जाऊन चपला काढताना
त्याला कळायचं, गाणं कुणावर होतं.

ती हलगी माझ्याकडे असते. त्याच भिंतीवर टांगलेली.
ओलीनं कातडं सैल पडलंय,
टिपरू मारलं तर उशीसारखी बोलते.
हे काय, होदाननं विचारलं.
म्हटलं, हिला सर्दी झालीय. शेकावी लागेल.

मीटरमध्ये दोन पौंड चाळीस पेन्स होते.
हीटर लावला.
चौघं हलगीभोवती बसलो, हात पुढे करून,
कुणी काही बोललं नाही.
कातडं ताणलं जाताना बारीक कुरकुरलं.
"हे घे," जेव्हॉन कुजबुजला, "वाजवायच्या आधीचं हे."

व्हिडिओ तीन मिनिटं अकरा सेकंदांचा.
माझे हात शेवटाकडे दिसतात,
केअर होमच्या गणवेशाची जांभळी बाही,
नखांत हळद.
धाकटीला लातूरला पाठवला.
तिनं दोनदा पाहिला म्हणे.
मग लिहिलं, छान आहे गं,
पण घर दाखवायचं नव्हतंस.

चार दिवस मला तिला उत्तर सुचलं नाही.

पाचव्या आठवड्यात कौन्सिलची दोन माणसं आली,
घामेघूम, जिन्यानं.
फोनवर व्हिडिओ थांबवून
भिंतीशी जुळवून पाहिलं. हीच ना?
पांढरीशुभ्र रंगवली.
फ्रेममध्ये आली होती तेवढीच.
जिथं होदाननं कॅमेरा वळवला नव्हता
तिथं ब्रश थांबला, अगदी सरळ रेषेत,
पट्टी लावून आखल्यासारखा.
शनेलची खोली? ती यादीत आहे, म्हणाले.
चहा मात्र दोघांनी घेतला. एकानं साखर जास्त मागितली.

ते उतरत असताना मी होदानला फोन लावला.
म्हटलं, तो कॅमेरा
पुन्हा उसना मिळेल का गं, लवकर?
तीन भिंती आहेत अजून,
आणि मीटरमध्ये नव्वद पेन्स.